जातं, खेकडे आणि साठ पानं

माझ्या माहेरी, जयसिंगपूरला, घरात पत्ते आणायला बंदी होती. दिवाळीतसुद्धा. धाकट्या काकांनी तीन पत्तीत उसाच्या रानाचा एक तुकडा घालवला होता आणि तो सोडवता सोडवता माझ्या वडिलांची उमेदीची वर्षं गेली. पाठशाळेत सप्तव्यसनं म्हणताना पहिलं नाव यायचं ते द्यूताचं, आणि आम्ही भावंडं एकमेकांकडे बघायचो. काकू शेंगा फोडत बसलेली असायची. ती कधी काही बोलली नाही, पण पत्त्यांचा कॅट दिसला की आजही मला तिची ती खाली घातलेली मान आठवते.

म्हणून गेल्या जूनमध्ये मुलाच्या गादीखाली बुटांच्या खोक्यात पत्ते सापडले तेव्हा माझ्या पायातलं बळच गेलं.

आम्ही सिल्वासात राहायला येऊन चोवीस वर्षं झाली. हे इथल्या एका टेक्स्चरायझिंग युनिटमध्ये आहेत. पॉलिस्टरचं सूत, बॉबिनी, शिफ्ट हेच आमचं जग. मुलगा पुण्याला राहून सीए करत होता. इंटरमध्ये दुसऱ्यांदा राहिला आणि फेब्रुवारीत सामान घेऊन घरी आला. निकालाच्या दिवशी मी त्याला एक वाक्य बोलले. ते पुढे सांगते, आत्ता धीर होत नाही. त्या वाक्यानंतर चार महिने तो घरात होता, जेवत होता, वडिलांच्या ओळखीने एका ठिकाणी हिशेब लिहायला जात होता. पण बोलत नव्हता. ‘हो’, ‘नाही’, ‘ठेव तिथे’, एवढंच.

तो घरी आला तेव्हा मी खोकं टेबलावर ठेवलं होतं.

“हे काय आहे?”

“पत्ते.”

“ते दिसतंय मला. जुगार खेळतोस?”

“नाही गं आई. मॅजिक आहे हे. ठाण्याच्या दादानं दिलंय. माझा मिल डेक आहे.”

“मिल? कुठली मिल? पिपरियाची की मसाटची?”

तो हसला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा हसला. भगिनींनो, खरं सांगते, त्या हसण्यासाठी मी खुर्ची ओढून बसले. पत्त्यांसाठी नाही.

मग त्याने समजावून सांगितलं. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने तयार केला आणि १९९३ साली तो बाजारात आला. आपल्या कॅटमध्ये ५२ पानं ठरलेली असतात आणि सगळे त्याच एका कॅटवर खेळतात. इथे तसं नाही. हजारो वेगवेगळ्या पानांतून प्रत्येकाने आपला कॅट स्वतः बांधायचा. कमीत कमी ६० पानं, आणि जमिनीची साधी पानं सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त चार. कॅट पिसून समोर पालथा ठेवायचा, त्याला लायब्ररी म्हणतात. त्यातली सात पानं हातात घ्यायची, मग दर खेळीला वरचं एक उचलायचं. प्रत्येकाचे २० प्राण असतात. बहुतेक लोक समोरच्याचे प्राण शून्यावर आणून जिंकतात.

“पण आणखी एक वाट आहे,” तो म्हणाला. “पान उचलायची वेळ आली आणि लायब्ररीत पानच उरलं नाही, की तो माणूस हरतो. मी प्राणांना हात लावत नाही. मी लायब्ररी रिकामी करतो. वरून पानं काढून बाजूच्या ढिगात टाकायची. याला मिल करणं म्हणतात.”

हे नाव पडलं १९९४ च्या ‘मिलस्टोन’ नावाच्या एका पानावरून. मिलस्टोन म्हणजे आपलं जातं. दर फेऱ्याला समोरच्याची दोन पानं दळून टाकायचं. खेळाडू तेव्हापासून बोलताना ‘मिल’च म्हणत होते, कंपनीने तो शब्द पानांवर अधिकृतपणे छापायला घेतला तो २०२० मध्ये.

माझा पहिला प्रश्न मात्र पैशांचा होता. ही पानं बंद पाकिटात मिळतात. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. चांगलं निघेल या आशेवर माणूस पुढचं पाकीट घेतो. मी म्हटलं, “बाळा, यात आणि माझ्या काकांच्या डावात काय फरक?” तो गप्प राहिला. मग म्हणाला, “पाकिटांच्या बाबतीत काही फरक नाही. म्हणून मी पाकीट घेतच नाही. मी चिठ्ठ्या करतो.”

खोकं नीट बघितलं तेव्हा कळलं. दादाने दिलेली खरी पानं वीस-बावीसच होती. बाकी सगळे कागदाचे तुकडे, त्यावर बॉलपेनने नाव आणि काम लिहिलेलं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले. अधिकृत स्पर्धेत अशा चिठ्ठ्या चालत नाहीत, घरच्या खेळात चालतात. पण वहीचा कागद पातळ, पिसताना दुमडायचा. मी कपाटातून जुन्या लग्नपत्रिका काढल्या. मंगलचिन्हं आणि देवाचं नाव असलेला भाग वेगळा काढून विसर्जनासाठी ठेवला आणि उरलेल्या पुठ्ठ्याचे साडेसहा बाय नऊ सेंटिमीटरला थोडे कमी असे तुकडे कापले. त्याचं अक्षर गिचमिड, म्हणून चिठ्ठ्या मी लिहायला घेतल्या. तो सांगायचा, मी मराठीत लिहायची. ‘हेड्रॉन क्रॅब’ झाला ‘खेकडा’, ‘रुइन क्रॅब’ झाला ‘दुसरा खेकडा’. ‘मिलस्टोन’ला मी ‘जातं’ लिहिलं आणि कोपऱ्यात छोटं जातं काढलं, खुंट्यासकट.

आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणं होतात. सिल्वासाच्या पावसाळ्यात बाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे संध्याकाळ फार लांब होते. आधी ती टीव्हीसमोर जायची. आता आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या टेबलावर बसू लागलो. त्याच्याविरुद्ध खेळायला कुणीतरी हवं होतं, म्हणून दादाच्या पानांतून त्याने मला लाल रंगाचा कॅट लावून दिला. विजा, जाळ, दात विचकणारे गॉब्लिन. मुंगी दिसली तर पाऊल उचलून पलीकडे टाकणारी मी, आणि माझ्या हातात हे! मी त्या कॅटचं नाव ‘मिरची’ ठेवलं, म्हणजे निदान स्वयंपाकघरात शोभेल.

पहिले पंधरा दिवस माझी मिरची रोज जिंकत होती.

त्याच्या कॅटमध्ये तेव्हा ७४ पानं होती. आवडलेलं प्रत्येक पान त्याने आत घातलं होतं. मी त्याला विचारलं, “साठ पुरतात तर चौदा जास्त कशाला?” तो म्हणाला, “सगळी चांगली आहेत.” हे ऐकून मला माझं स्वतःचं कपाट आठवलं, पण ते असो. त्याने कॅलक्युलेटर घेतला. एका नावाची चार पानं असतील, तर पहिल्या सातात त्यांतलं एखादं तरी येण्याची शक्यता साठात शंभरपैकी ४० वेळा, चौऱ्याहत्तरात फक्त ३३ वेळा. आणि दोन्ही खेकडे मिळून आठ पानं धरली, तर साठात ६५ वेळा. परीक्षेत नापास झालेला माझा मुलगा हा हिशेब भराभर मांडत होता आणि मी त्याच्या बोटांकडे बघत होते.

मग निवडायला बसलो. धान्य निवडतात तसंच.

पहिली गेली ती ‘थोडं हेही, थोडं तेही’ करणारी पानं. समोरच्याचे दहा प्राण घेतले आणि तीस पानं दळली, तर हातात काय? काहीच नाही. प्राण शून्यावर आले तरच जिंकणं, लायब्ररी शून्यावर आली तरच जिंकणं. अर्धी विहीर इथे आणि अर्धी तिथे खणून पाणी लागत नाही.

दुसरं गेलं ते जातं. माझं चित्र काढलेलं जातं! मी वाद घातला. त्याने गणित दाखवलं. साठातली सात पानं हातात गेली की लायब्ररीत उरतात ५३. जातं दर फेऱ्याला दोन दळणार, आणि तेही प्रत्येक वेळी खर्च करून. पंधरा-वीस फेऱ्या कुठून आणायच्या? माझी मिरची पाचव्या फेरीला त्याला संपवते. त्याउलट खेकडा. आपली जमीन मांडली की समोरच्याची तीन पानं जातात. काही जमिनी स्वतः मोडून दुसरी जमीन शोधून आणतात, त्या मांडल्या की एका फेरीत सहा. ‘ग्लिम्प्स द अनथिंकेबल’ एका झटक्यात दहा. ‘आर्काइव्ह ट्रॅप’ तेरा, आणि समोरच्याने त्या फेरीत आपली लायब्ररी धुंडाळली असेल तर तो फुकट. ज्याच्यावरून या प्रकाराला नाव पडलं, त्या जात्यालाच कॅटमध्ये जागा राहिली नाही. मला चुटपुट लागली. घराण्याचं नाव लावणाऱ्या म्हाताऱ्याला अडगळीच्या खोलीत पाठवल्यासारखं वाटलं.

तिसरी चूक त्याने काढण्याच्या भरात केली. बचावाची सगळी पानं काढून टाकली. “मी फक्त दळणार.” परिणाम असा, की माझा गॉब्लिन येऊन रोज मोकळ्या दारातून आत शिरायचा. मी म्हटलं, “उपास करायचा तर पारण्याची सोय आधी करावी लागते. नुसतं सोडत सुटणं म्हणजे संयम नव्हे.” बचावाची आठ पानं परत आली. शेवटी कॅट असा बसला: २२ जमिनी, ८ खेकडे, ८ बचाव, हातात नवी पानं आणणारी ४ आणि थेट दळणारी १८. ऑगस्टमध्ये, मुक्तिदिनाच्या सुट्टीला, तो माझ्याविरुद्ध पाचपैकी चार डाव जिंकला.

त्याच दिवशी ते घडलं, ज्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

माझ्या मिरचीत एकच खरं भारी पान होतं, एक लाल ड्रॅगन. त्याने खेकड्याने माझी वरची तीन पानं उलटली आणि ड्रॅगन ढिगात पडला. माझ्या तोंडून “अगं बाई गं!” असं निघालं. मला खरंच वाईट वाटलं. “माझा ड्रॅगन घालवलास! आता मी कशाने जिंकू?”

तो थांबला. “आई, तुझ्या हातात होता का तो?”

“नाही, पण यायचा होता.”

“कशावरून?” त्याने माझी लायब्ररी उचलली आणि म्हणाला, “समज, मी वरची तीन काढण्याऐवजी तळाची तीन काढली असती. तुला कळलं तरी असतं का? पानं पिसलेली आहेत. ड्रॅगन वर होता की तळाशी, तुला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. तळाशी असता तर डाव संपेपर्यंत तुला दिसलाही नसता, आणि तू रडली नसतीस. नवे खेळाडू सगळे इथेच रडतात. शेवटचं पान जाईपर्यंत मिलने तुझं काहीच बिघडत नाही. जे हातात आलंच नव्हतं, त्याचं दुःख तू करतेयस.”

पत्ते तसेच राहिले. मी उठून गॅसपाशी गेले, उगाच ओटा पुसला.

निकालाच्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, “तुझी दोन वर्षं फुकट गेली, आणि आमचंही सगळं घालवलंस.” सगळं म्हणजे काय होतं माझं? दारावरची पितळी पाटी. त्याच्या नावाआधी ‘सीए’ लिहिलेली. ती पाटी मी मनातल्या मनात कधीच ठोकून झाले होते. देरासरात भेटणाऱ्या गुजराती बहिणींना काय सांगायचं, जयसिंगपूरच्या लग्नात कसं मिरवायचं, तेही ठरलं होतं. त्यातलं एकही पान माझ्या हातात आलेलं नव्हतं. आपण ज्याला परिग्रह म्हणतो तो सोन्याचा, साड्यांचा मला मोजता येतो. न आलेल्या दिवसांचा परिग्रह मी कधी मोजलाच नव्हता.

मी हे त्याला कसंबसं सांगितलं. तो म्हणाला, “पण दोन वर्षांचं तसं नाही हं, आई. ती ढिगात नाही पडली. ती मी खेळलो. हरलो, पण खेळलो.” यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही.

सप्टेंबरात तो वापीहून गाडी पकडून ठाण्याला गेला, दादाशी खेळायला. परत आला तो तोंड पाडून. दादाच्या कॅटमध्ये ‘एमराकुल’ नावाचं एक पान होतं. ते ढिगात पडलं की दळलेला सगळा ढीग परत लायब्ररीत पिसला जातो. चाळीस पानं दळून झालेली आणि एका क्षणात सगळी जशीच्या तशी. ऐकताना मला अकरावं गुणस्थान आठवलं. उपशम करत चढलेला जीव तिथवर पोचतो, मोह दबलेला असतो, संपलेला नसतो, आणि मग तो खाली येतोच. क्षय करत जाणारा अकरावं वगळून थेट बाराव्यावर जातो, तो घसरत नाही. मुलाला सांगितलं तर म्हणाला, “अगदी बरोबर. ढिगात टाकणं वेगळं आणि खेळाबाहेर घालवणं वेगळं.” पहिल्या डावानंतर बदलता येतील अशी पंधरा राखीव पानं असतात, त्यात त्याने ‘टॉर्मॉड्स क्रिप्ट’ घातलं. बिनखर्चाचं पान. एमराकुल पडला आणि ढीग परत जायच्या आत हे वापरलं, तर अख्खा ढीग खेळाबाहेर जातो. पिसायला काही उरतच नाही.

पण लगेच स्वतःला आवरलं. आपल्याला कशातही धर्म शोधायची सवय असते. कुणी म्हणेल, हा कॅट अहिंसक आहे, प्राणांना हात लावत नाही. मी तसं म्हणणार नाही. समोरच्याला रिकामं करण्यात आनंद आहेच, आणि भावहिंसा पान बघून ठरत नाही. निर्जरेशी तर त्याची तुलनाच नको. आपल्या कर्मांची निर्जरा आपल्यालाच करावी लागते, इथे दळलं जातं ते दुसऱ्याचं. हा खेळ आहे, एवढंच. खेळ म्हणजे द्यूत नव्हे, हे मात्र मला आता पटलंय. आपल्याच परंपरेत ज्ञानबाजीचे पट होते. साप-शिडीसारखे, बरेचसे ८४ घरांचे, वरच्या टोकाला सिद्धशिला. श्रावक ते पर्युषणात खेळत. फरक पैज लावण्यात आहे, आणि पुढच्या पाकिटाच्या आशेत. काकांच्या हातात पत्ते नसते तर त्यांनी दुसरं काही शोधलं असतं, असं आता वाटतं. काकू असती तर तिला विचारलं असतं.

शेजारच्या बहिणींचं पर्युषण आटोपलं की आमचं दशलक्षण सुरू होतं. ते दहा दिवस पत्ते बंद ठेवले. आकिंचन्याच्या दिवशी कपाट उघडलं आणि तीन वर्षं न नेसलेल्या साड्या काढल्या. चौदापेक्षा जास्तच निघाल्या.

क्षमावाणीला मी त्याच्यासमोर हात जोडले. दरवर्षी जोडते, सगळ्यांनाच, पटापट. या वेळी म्हटलं, “फेब्रुवारीत मी जे बोलले, त्याची क्षमा माग म्हणून नाही, मी मागते.” तो गोंधळला, वाकून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, “आई, मीही चार महिने बोललो नाही. उत्तम क्षमा.” मग आम्ही दोघं खूप वेळ काहीच बोललो नाही, पण ते न बोलणं वेगळं होतं.

त्याने एका ग्रुपचा फॉर्म भरलाय. होईल की नाही, मी विचारत नाही. पानं पिसलेली आहेत.

परवा त्याची डबी पुसताना उघडून बघितली. साठ पानं एका बाजूला, राखीव पंधरा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एकटीच एक चिठ्ठी. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर माझं अक्षर, कोपऱ्यात खुंट्यासकट जातं. मी विचारलं, “हे तर काढलं होतंस ना?”

“डेकमधून काढलंय,” तो म्हणाला, “डबीतून नाही.”